अहेरी भागातील हिरवळ : ऋतुमानानुसार तिची निगा

अहेरी तालुक्यात फिरतीवर असताना शाळा, आश्रमशाळा, दवाखाने, ग्रामपंचायती व कचेऱ्या यांची जी आवारे दृष्टीस पडतात, ती बहुधा दोन प्रकारची असतात. पहिल्या प्रकारचे आवार रोज खराट्याने झाडून लख्ख उघडे ठेवलेले असते. पावसाळ्यात तेथे चिखल होतो, उन्हाळ्यात धूळ उडते आणि दरवर्षी बोट दोन बोटे माती वाहून जाऊन इमारतीच्या जोत्याचे दगड उघडे पडू लागतात. दुसऱ्या प्रकारच्या आवारात शहरातील रोपवाटिकेतून आणलेले गवत अंथरलेले असते. ते दिवाळीपर्यंत डोळ्यांस गोड दिसते. परंतु होळीनंतर त्याला जगविण्यासाठी रोज नळी धरावी लागते आणि तरीही ज्येष्ठ लागेपर्यंत त्याचे ठिकठिकाणी पिवळे पट्टे उरतात.

या दोहोंपेक्षा निराळा, कमी खर्चाचा व आपल्या हवामानास मानवणारा मार्ग आहे. आपल्या धुऱ्यावरची हरळी आवारात लावावी, पावसाळ्यात तिला पोसावी, हिवाळ्यात सांभाळावी आणि उन्हाळ्यात सुकू द्यावी, असा तो मार्ग होय. यातील शेवटची गोष्ट पुष्कळांस रुचत नाही; म्हणून तिची कारणे या लेखात विशेष विस्ताराने दिली आहेत. येथे ‘हिरवळ’ हा शब्द आवारात राखलेल्या आखूड गवताच्या गालिच्यास, म्हणजे ज्याला हल्ली सर्रास लॉन म्हणतात त्यास उद्देशून वापरला आहे. ताग, धैंचा यांच्या हिरवळीच्या खताशी त्याचा संबंध नाही.

हिरवळीचा उपयोग काय?

हिरवळ ही केवळ शोभेची वस्तू आहे असा समज आहे. तो बरोबर नाही. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरवर एक लिटर पाणी. एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस झाला, आणि आपल्याकडे तो होतो, तर दहा गुंठ्यांच्या आवारावर सुमारे एक लाख लिटर पाणी पडते. उघड्या मातीवर आदळणाऱ्या थेंबाने मातीचे कण सुटे होतात, बारीक कणांनी मातीची छिद्रे बुजतात आणि जमिनीत मुरावयाचे पाणी गढूळ होऊन वाहू लागते. तोच थेंब गवताच्या पात्यावर पडला तर त्याचा जोर मोडतो व पाणी मुळांच्या वाटेने खाली उतरते. धानाच्या बांधीचा धुरा हरळीने बांधलेला असला म्हणजे तो फुटत नाही, हे शेतकरी बंधूंना सांगावयास नकोच. आवारातील हिरवळीचे कार्यही हेच आहे.

शिवाय दोन गोष्टी आरोग्याच्या आहेत. आपला जिल्हा हिवतापाचा आहे. ओबडधोबड उघड्या आवारातील खळग्यांत आठ दहा दिवस पाणी साचून राहिले तर त्यात डासांची पैदास होते. हिरवळ लावताना जमीन समतल करून तिला उतार दिला म्हणजे हे खळगे आपोआप नाहीसे होतात. दुसरी गोष्ट सापाची. कमरेइतक्या वाढलेल्या गवतात साप दिसत नाही. चार बोटे राखलेल्या हिरवळीत तो लांबून दिसतो. लहान मुले जेथे अनवाणी वावरतात त्या आवारात या गोष्टीचे मोल फार आहे.

आपले हवामान व आपली जमीन

२६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिण भागात अहेरी तालुका येतो. त्याच्या पश्चिम अंगाने प्राणहिता नदी वाहते व आलापल्लीच्या बाजूस सागाची राने आहेत. येथील वार्षिक पर्जन्यमान साधारणपणे १,२०० ते १,५०० मिलिमीटर असून त्यातील बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. मे महिन्यात पारा ४५ अंश सेल्सिअसपर्यंत व प्रसंगी त्याच्याही वर जातो. थंडी असते, पण कडाक्याचे हिम पडत नाही. म्हणजे चार महिने पाण्याची रेलचेल, चार महिने सौम्य हवा व चार महिने कडक ऊन, असे आपले वर्ष आहे.

हिरवळीवरील पुष्कळ पुस्तके थंड देशांत लिहिलेली आहेत. तेथील गवते १५ ते २४ अंश तापमानात जोमाने वाढतात. त्यामुळे तेथे हिरवळीचे वर्ष मार्च महिन्यात सुरू होते, तेव्हाच बी पेरतात व खत देतात. ते वेळापत्रक आपण उचलले तर ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर कोवळे गवत उभे करून ते जाळण्याचाच प्रकार होईल. हरळी ही उष्ण प्रदेशातील वनस्पती आहे. २७ ते ३५ अंश तापमान व जमिनीत ओल असली म्हणजे तिची वाढ सर्वांत चांगली होते, आणि हा योग आपल्याकडे मृगापासून हस्तापर्यंत असतो. यास्तव अहेरी भागात हिरवळीचे वर्ष मृग नक्षत्रास सुरू होते, असेच मानावे.

जमिनीचा मगदूरही पाहावा लागतो. नदीनाल्याकाठची कन्हार जमीन काळी, भारी व ओल धरून ठेवणारी असते. तिला निचऱ्याची चिंता. उंचवट्यावरील बरडी जमीन तांबूस, मुरमाड व उथळ असते. तिच्यात पाणी टिकत नाही व सेंद्रिय द्रव्य कमी असते, म्हणून तिला खताची चिंता. मोरांड ही या दोहोंच्या मधली व हिरवळीस सर्वांत सोयीची. इमारतीच्या आवारात पुष्कळदा मूळ जमीन नसून बाहेरून आणून टाकलेला मुरूम व विटांचे तुकडे असतात. अशा ठिकाणी निदान १५ सेंटिमीटर जाडीचा चांगल्या मातीचा थर दिल्यावाचून हिरवळीच्या भानगडीत पडू नये.

गवताची निवड : एक अनुभव

काही वर्षांपूर्वी प्रस्तुत लेखकाने एका कचेरीच्या आवारासाठी शहरातून गवताच्या तयार लाद्या मागविल्या. महिना फेब्रुवारीचा होता. कचेरीतील एका वयस्कर शिपायांनी पावसाळ्यापर्यंत थांबावे व बांधीच्या धुऱ्यावरची हरळी आणावी, असे दोनदा सुचविले. पण पदवीच्या अभिमानाने त्या सूचनेकडे लक्ष दिले गेले नाही. एप्रिलमध्ये विहीर खाली गेली, मेमध्ये टँकर बोलवावा लागला आणि शेजारच्या वस्तीतील बाया हंडे घेऊन रांगेत उभ्या असताना कुंपणाच्या आत गवतावर पाणी सोडण्याची वेळ आली. ते गवत अखेर मेलेच. हातपंपाच्या मागे कोणी न लावलेली हरळी मात्र पहिल्या पावसाबरोबर हिरवी झाली. पुढे तीच आवारभर लावली व आज ती तेथे उभी आहे. ही चूक इतरांनी पुन्हा करू नये, एवढ्यासाठी ती येथे नमूद केली आहे.

हरळी, म्हणजेच गणपतीस वाहतो ती दूर्वा, जमिनीवरून धावणाऱ्या व जमिनीखालून सरकणाऱ्या अशा दोन्ही प्रकारच्या खोडांनी पसरते. वरचे पाते जळाले तरी खालच्या खोडातील डोळे जिवंत राहतात. शेतात तिला निर्मूल करणे कठीण जाते ते याच गुणामुळे, आणि आवारात ती हवीशी वाटते तीही याच गुणामुळे. रोपवाटिकांत मिळणारे मेक्सिकन गवत दिसावयास मऊ व दाट असते. परंतु ते सावकाश पसरते, त्याचे उंचवटे होतात व उन्हाळ्यात त्यास नियमित पाणी द्यावे लागते. मुबलक पाणी व माळी असेल तेथे ते लावण्यास हरकत नाही. दाट सावलीत मात्र हरळी येत नाही. आंबा, चिंच किंवा वड यांच्या खाली हिरवळीचा हट्ट न धरता तेथे पाचोळ्याचे आच्छादन ठेवावे व बसण्याचा पार बांधावा.

लागवड

जमीन एप्रिल मे महिन्यांत २५ सेंटिमीटर खोल खणून ढेकळे उन्हात तापू द्यावीत. दगड, विटा व विशेषतः लव्हाळ्याच्या गाठी वेचून काढाव्यात. लव्हाळ्याची एक गाठ मागे राहिली तर पुढे दहा वर्षे ती आपली आठवण करून देते. इमारतीपासून बाहेरच्या बाजूस दर दहा मीटरला १० ते १५ सेंटिमीटर उतार द्यावा व शेवटी पाणी काढून देणारी चारी घ्यावी. कन्हार जमिनीत वाळू मिसळून निचरा सुधारावा. दर गुंठ्यास सुमारे अर्धा टन चांगले कुजलेले शेणखत व ५ किलो सिंगल सुपर फॉस्फेट मिसळावे. कच्चे शेणखत घालू नये, त्याने उधई व हुमणी यांस आमंत्रण मिळते. माती परीक्षण करून घेतले असल्यास खताची मात्रा त्याप्रमाणे बदलावी.

लागवडीची वेळ साधणे महत्त्वाचे आहे. मृगाचा पाऊस होऊन धानाचे पऱ्हे टाकले गेले की रोवणीपर्यंत तीन चार आठवडे मधे मिळतात. हिरवळीची लागवड याच अवधीत, म्हणजे आर्द्रा नक्षत्रात उरकावी. एकदा रोवणी सुरू झाली म्हणजे मजूर मिळत नाहीत, आणि मिळाले तरी त्यांना बांधीतून ओढून आवारात आणणे योग्य नव्हे.

शेतकरी धुऱ्यावरून जी हरळी खणून फेकतात, तेच आपले बेणे होय. मात्र त्यात लव्हाळा नाही याची खात्री करून घ्यावी. मुळ्यांसकट तीन चार पेऱ्यांचे तुकडे करून ते १० ते १५ सेंटिमीटर अंतरावर जमिनीत दाबावेत. अर्धा भाग मातीत व अर्धा वर राहावा. गवताचे बारीक तुकडे शेणमातीच्या काल्यात कालवून जमिनीवर लिंपण्याचीही एक रीत आहे. परंतु आपल्याकडील जोराच्या सरींत तो काला वाहून जातो, म्हणून एकेक तुकडा दाबून लावण्याचीच पद्धत येथे पसंत करावी. लागवडीनंतर महिन्याने, हरळी पसरू लागली म्हणजे, हलका रूळ फिरवावा.

पावसाळ्यातील निगा

पावसाळा हा हिरवळीचा कमाईचा काळ. वर्षभर पुरणारी मुळे ती याच काळात करते, म्हणून खत द्यावयाचे ते याच काळात. जुन्या हिरवळीस जूनअखेरीस चाळलेले कंपोस्ट व माती यांचा अर्धा सेंटिमीटर थर पसरावा. युरिया दर गुंठ्यास एक किलो याप्रमाणे दोनदा द्यावा : एकदा आषाढात व एकदा उत्तरा नक्षत्राच्या सुमारास. नव्या हिरवळीस पहिला हप्ता लागवडीनंतर तीन चार आठवड्यांनी द्यावा. पाती कोरडी, जमीन ओली व आभाळ थोडे उघडलेले असताना खत फोकावे. मोठ्या पावसाच्या तोंडावर दिलेले खत नाल्यास जाते.

कापणी दर आठ दहा दिवसांनी करावी व गवत तीन चार सेंटिमीटर राखावे. एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशाहून अधिक कापू नये. फार वाढू देऊन एकदम बुडापासून कापल्यास गवत पिवळे पडते व रिकाम्या जागी तण माजते. यंत्र नसल्यास धारदार विळ्याने काम भागते. बारीक कापलेले गवत तेथेच पडू द्यावे, ते कुजून खत होते. लांब झालेले गवत गुरांस घालावे. मात्र औषध फवारलेले असल्यास कदापि घालू नये.

तणांत गाजर गवत सर्वांत वाईट. १९५० च्या दशकात पुण्यात प्रथम नोंदले गेलेले हे परदेशी तण आता राज्यभर पसरले आहे. त्याच्या संपर्काने पुष्कळांच्या त्वचेस खाज सुटते व काहींस दम्याचा त्रास होतो. हातमोजे किंवा पिशवी हातात घालून ते फुलावर येण्यापूर्वी मुळासकट उपटावे. तरोटा कोवळा असताना उपटला तर त्याची भाजीही होते. लव्हाळा गाठीसकट खुरप्याने काढावा. शाळा व दवाखान्याच्या आवारात तणनाशक न वापरता हातानेच तण काढणे इष्ट.

संततधार पावसात काही वेळा गोल तपकिरी ठिपके पडून पाती कुजतात. हा बुरशीचा प्रकार होय. औषधापूर्वी निचरा पाहावा. चारी मोकळी केली व नत्राचा हप्ता पुढे ढकलला म्हणजे बहुतेक वेळा रोग आटोक्यात येतो.

हिवाळ्यातील निगा

पाऊस सरला म्हणजे ऑक्टोबरमध्ये खोलगट जागा बारीक मातीने भरून काढाव्यात. यानंतर नत्र देऊ नये. थंडीत हरळीची वाढ मंदावते व दिलेले खत तिच्या उपयोगी पडत नाही. कापणी तीन आठवड्यांनी एकदा पुरे. विहिरीस पाणी असेल तर भारी जमिनीत १२ ते १५ दिवसांनी व हलक्या जमिनीत ८ ते १० दिवसांनी पाणी द्यावे. एका गुंठ्यास एका पाळीला साधारण दोन हजार लिटर पाणी लागते. हा हिशेब करून, जेवढी हिरवळ खरोखर वापरात आहे तेवढ्याच तुकड्यास पाणी द्यावे. रोज थोडे थोडे शिंपडण्याची सवय वाईट. तिच्यामुळे मुळे वरच्या वर राहतात. थांबून पण भरपूर दिलेले पाणी मुळांना खोल नेते.

माघ फाल्गुनात पानगळ सुरू झाली म्हणजे सागाच्या रुंद पानांखाली गवत गुदमरते. ही पाने गोळा करावीत, पण पेटवू नयेत. यवतमाळ जिल्ह्यातील पुसद येथील नारायण देवताव पांढरीपांडे यांच्या नावावरून ओळखली जाणारी नाडेप टाकी १० फूट लांब, ६ फूट रुंद व ३ फूट उंच असते. पाने, शेणकाला व माती यांचे थर तिच्यात देऊन ओल राखल्यास तीन ते चार महिन्यांत खत तयार होते. फाल्गुनात भरलेली टाकी मृगास हाताशी येते.

उन्हाळ्यातील निगा

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. मे महिन्यात हिरवळ हिरवी ठेवावयाची तर तिला रोज पाच ते सहा मिलिमीटर पाणी लागते. दहा गुंठ्यांस हे पाणी रोजचे पाच ते सहा हजार लिटर होते. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जल जीवन मिशनने ग्रामीण भागात दर माणशी दर दिवशी ५५ लिटर हे प्रमाण धरले आहे. त्या हिशेबाने हे नव्वद ते एकशे दहा माणसांचे पाणी झाले. ज्या महिन्यात गावातील हातपंप धापा टाकू लागतात त्या महिन्यात एवढे पाणी गवतास घालणे कोणत्याही संस्थेस शोभणारे नाही. आणि त्याची गरजही नाही.

सुकलेली हरळी मेलेली नसते. ओल संपली की ती पाने वाळवून आपला जीव खोडात व मुळांत साठविते. खात्री करावयाची असल्यास खुरप्याने एक खोड उकरून मोडून पाहावे. आत पांढरे व टणक असेल तर ते जिवंत आहे. तपकिरी व पोकळ असेल तर मेले आहे. हा अनुभव मुख्याध्यापकांनी विद्यार्थ्यांकडून अवश्य करवून घ्यावा.

तिला सुकू द्यावयाचे तेही शिस्तीने. फेब्रुवारीपासून पाण्याच्या पाळ्यांतील अंतर वाढवीत न्यावे व मार्चमध्ये पाणी बंद करावे. शेवटच्या कापणीनंतर गवत पाच सहा सेंटिमीटर उंच राहू द्यावे, म्हणजे त्याची सावली जमिनीवर राहते. उन्हाळ्यात कापणी, खणणी व खत ही तिन्ही बंद ठेवावीत. वाळलेल्या गवतावरून सतत वर्दळ झाली तर खोडे चुरडतात, म्हणून जाण्यायेण्यासाठी एक पायवाट आखून द्यावी. बरडीसारख्या उथळ जमिनीत तीन चार आठवड्यांनी एकदा गुंठ्यास हजार लिटर पाणी जीव राखण्यापुरते द्यावे, आणि तेही हातपंपाच्या ओट्यावरून वाहून जाणाऱ्या सांडपाण्याचे. साबण सोड्याचे कडक पाणी मात्र वगळावे.

एक सावधगिरी आपल्या भागापुरती अत्यावश्यक आहे. मार्च एप्रिलमध्ये मोहफुले वेचणे सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाला पेटविण्याची चाल आहे, व त्यातून वणवे लागतात. वाळलेली हिरवळ कुंपणालगतच्या रानास भिडलेली असेल तर आग इमारतीपर्यंत येऊ शकते. म्हणून रानाच्या बाजूस कुंपणाच्या आतून तीन मीटर रुंदीचा पट्टा पाला व गवत काढून साफ ठेवावा.

समारोप

सारांश, मृगात खत माती व आर्द्रात लागवड. आषाढ ते भाद्रपद कापणी, निंदणी व नत्राचे दोन हप्ते. ऑक्टोबरमध्ये खळगे भरणे. हिवाळ्यात मोजके पाणी. फाल्गुनात पाल्याचे कंपोस्ट. चैत्र ते ज्येष्ठ विश्रांती व आगीपासून राखण, अशी ही वर्षाची कामे आहेत. यांतील एकाही कामास शहरातून काही मागवावे लागत नाही.

उन्हाळ्यात आवार पिवळे दिसते, पाहुणे काय म्हणतील, अशी शंका काही संस्थाचालक काढतात. त्यांनी पाहुण्यांस एक खोड मोडून दाखवावे व पावसाळ्यात पुन्हा येण्याचे आमंत्रण द्यावे. पहिला चांगला पाऊस झाल्यावर आठ दहा दिवसांत ते आवार हिरवे झालेले असेल, जोत्याची माती जागेवर असेल, आणि मे महिन्यात वाचलेले पाणी ज्यांच्या हंड्यांत जावयास हवे होते त्यांच्याच हंड्यांत गेलेले असेल.